खालचा आवाज

नंदाखाल,
१४ नोव्हेंबर १९९९

रेजी,

पाकिटावर 'सिस्टर रेजिना' असं लिहिलंय, तेवढा मान पुरे. आत तू माझी नणंदच. तुझा भाऊ ठणठणीत आहे. ऐकू जरा कमी येतं, आणि मी वाडीत पाणी लावायला सांगितलं की जास्तच कमी येतं.

आता कामाचं. तू अचलपूरला गेलीस तेव्हा मार्सेल पाळण्यात होता. तो आता आपल्या चर्चचं गायनमंडळ चालवतो. बँकेत नोकरी, दाढी ठेवलीय, पोरगा गुणी आहे, पण रेजी, काय तो दणदणाट! कीबोर्ड, गिटार, कपाटाएवढे दोन स्पीकर. रविवारची मिस्सा चाललीय की लग्नाचं रिसेप्शन, कळायला मार्ग नाही. परवा अर्पणाच्या वेळी असा काही ठेका सुटला की फ्रेडरिकलासुद्धा ऐकू आला. खोटं कशाला बोलू, माझाही पाय हलायला लागला होता. दुसऱ्या पायाने दाबून धरला.

पुढच्या वर्षी जुबिली, ख्रिस्तजन्माला दोन हजार वर्षं. फादर नवं गीतपुस्तक छापतायत, बरोबर कॅसेट. आणि एक नियम केलाय: पुस्तकात असेल तेच गाणं चर्चमध्ये गायचं, बाकीची बंद. म्हाताऱ्यांनी आरडाओरडा केला तेव्हा फादर म्हणाले, तुमची जुनी गाणी घेतो, पण त्यांची चाल कुणीतरी टेपवर गाऊन द्या. शब्द वह्यांमधून मिळतील, चाल कुठून आणू? म्हणणं खोटं नाही त्यांचं.

आपलं 'हळूच काढा खिळे' मला त्या पुस्तकात हवंय. पेद्रू मास्तरांनी आपल्या बायकांसाठीच केलं होतं ते. गुड फ्रायडेला देवाचा पुतळा क्रुसावरून उतरवताना वाजंत्री नाही, पेटी नाही, नुसत्या आपण. तू वर, मी खाली, दोघींच्या चाली वेगळ्या, पण एकाच वेळी गायल्या की मिळून एक गाणं. फादर लोक फर्स्ट व्हॉइस, सेकंड व्हॉइस म्हणायचे, आपण आपलं वरचा आवाज, खालचा आवाज. तुझी बदली झाली आणि ते बंदच पडलं. वरचा आवाज धरणारी कुणी उरली नाही. रोझामावशी गेली, कार्मेलीन गेली, बाकीच्या माझ्यासारख्याच, खालच्या.

तेव्हा नाताळात ये. येता येत नसेल तर टेपवर गाऊन पाठव. तुझ्यावर सोपवून मी निर्धास्त आहे.

तुझी,
सालू

---

अचलपूर,
१ डिसेंबर १९९९

प्रिय सालू,

तुझं पत्र जेवणघरात वाचलं आणि त्या दाबून धरलेल्या पायाशी आल्यावर हसू आवरेना. बाकीच्या सिस्टर्स माझ्याकडे बघायला लागल्या.

नाताळात येणं जमणार नाही गं. इथे वसतिगृहातल्या मुली घरी जात नाहीत, त्यांचं सगळं आम्हालाच बघावं लागतं. टेपवर गायचं म्हणशील तर आमच्याकडे टेपरेकॉर्डरच नाही. शिवाय थंडीने माझा घसा धरलाय.

तू गा ना. तुझा आवाज काय वाईट आहे? सगळ्या ओळी तुला पाठ आहेत. मार्सेलला घरी बोलाव, चहा पाज, आणि गाऊन दे. आणि पोरावर फार डाफरू नकोस. ढोल वाजवून का होईना, पोरं देवळात येतायत. इथे आमच्या मुली गोंडी चालीवर देवाचं गाणं म्हणतात, मला पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं. आता नाही वाटत.

दादाला विचारलंय म्हणून सांग, मोठ्याने.

तुझी,
रेजी

---

नंदाखाल,
१० जानेवारी २०००

रेजी,

तुझ्या पत्राचा राग आला होता म्हणून उत्तराला उशीर केला. घसा म्हणे! तुझा घसा कधी बसलेला मी पाहिला नाही. आईच्या मयताला रडून रडून सगळ्यांचे आवाज गेले तेव्हा तुझाच तेवढा शाबूत होता. मोठी सिस्टर झालीस, आता खेड्यातल्या गाण्याला वेळ कुठला, असं मी फ्रेडरिकला म्हटलं. तो म्हणाला, "हो, केळी उतरवायला झाली आहेत." म्हटलं जाऊ दे.

पण आता राग गेला. मार्सेल आला होता, टेप घेऊन. पडवीत बसवला, माझ्यासमोर माईक धरला. सुरुवातीला लाज वाटली, मग डोळे मिटले. डोळे मिटल्यावर तू शेजारी उभी होतीस. खरं सांगते, तुझा आवाज मला कानात जसाच्या तसा ऐकू येत होता, त्याला धरून मी गात गेले. सगळी कडवी म्हटली, एकदाही अडले नाही. डोळे उघडले तर पोराच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "आंटी, इतकी दुःखी चाल मी आयुष्यात ऐकली नाही. हिला ठेका लावणार नाही, नुसते साधे सूर ठेवतो." बघ, आहे की नाही गुणी?

मंडळाने गाणं बसवलंसुद्धा. त्याची कॅसेट पाठवतेय. पहिल्या बाजूला मी एकटी, दुसऱ्या बाजूला मंडळ. ऐक आणि कसं वाटलं ते लिही. आपलं गाणं वाचलं, रेजी!

तुझी,
सालू

---

अचलपूर,
२४ जानेवारी २०००

प्रिय सालू,

कॅसेट मिळाली त्या दिवसापासून रोज ऐकतेय. तुझा आवाज जाडा झालाय, पण काय गोड झालाय गं! मधेच कोंबडा ओरडतो तेही ऐकू येतं. इथे बसून मी आपल्या पडवीत होते.

पण सालू, कसं सांगू? तू खालचा आवाज गायलीस.

तू नेहमी गायचीस तोच. आणि मंडळाने तोच गाण्याची चाल समजून बसवलाय. दुसऱ्या बाजूला ती सगळी पोरं मिळून खालचाच आवाज गातायत, जीव तोडून. वरचा कुणीच गात नाही. त्यांना ठाऊकच नाही की वर काही आहे. मार्सेलला ती चाल इतकी दुःखी वाटली यात नवल नाही, ती आधार द्यायला केलेली चाल आहे, एकटीने उभं राहायला केलेली नाही.

तुझी चूक नाही यात. तुला कानात मी ऐकू येत होते, त्यांना कसं ऐकू येणार? पण मार्सेलला लगेच थांबव. छापून गेलं तर मग तेच खरं होऊन बसेल.

तुझी,
रेजी

---

नंदाखाल,
६ फेब्रुवारी २०००

रेजी,

तुझं पत्र वाचलं. पहिल्यांदा वाटलं, काहीतरीच लिहितेस. शनिवारी मंडळाच्या सरावाला जाऊन बसले. पोरांनी सुरू केलं, मीही त्यांच्यात गायला तोंड उघडलं, आणि मला जागाच सापडेना. ती सगळी माझ्या जागेवर उभी! मी आणखी खाली जाऊन बघितलं, तिथे काही नव्हतं. तेव्हा कळलं तू काय म्हणतेस ते.

मार्सेलला सांगितलं. तो काही रागावला नाही. म्हणाला, "मग वरची चाल गाऊन दाखवा आंटी, आत्ता बदलतो." सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी गायला लागले आणि आला तो खालचाच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रेजी, माझ्या कानात तू स्वच्छ गातेस आणि तोंडातून मीच बाहेर पडते! इतकी वर्षं वाडीत कळ्या खुडताना एकटी तेच गुणगुणत आले, ते आता हाडात बसलंय. मागच्या बाकावरच्या दोन पोरी हसल्या. हसू देत. मला रडू आलं ते घरी येऊन.

फ्रेडरिकला विचारलं, तुला आठवतं का रे बहिणीचं गाणं? म्हणाला, "फार उंच होतं." एवढंच.

आता तुझ्याशिवाय कुणी नाही. आणि काय गं, टेपरेकॉर्डर नाही ना तुमच्याकडे? मग माझी कॅसेट रोज कशावर ऐकतेस, पाटावर ठेवून? घसा काय, मुली काय, टेप काय. मला खरं सांग, लाज वाटते का तुला आमची? मार्सेलच्या घरी फोन आहे, नंबर खाली देतेय. रविवारी दुपारी कर. तो फोनला टेप लावून ठेवणार आहे. नुसतं एक कडवं गा. तुला दोन मिनिटं लागतील, आमचा जन्म सुधारेल.

सालोमी

---

अचलपूर,
१७ फेब्रुवारी २०००

सालू,

रविवारी तुम्ही फोनजवळ बसून राहिला असाल. मला माफ कर. फोन केला असता तरी तुला काही ऐकू आलं नसतं.

गेल्या जुलैमध्ये माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती. कुणाचा दोष नाही, गाठच आवाजाच्या नसेला चिकटलेली होती. जीव वाचला, आवाज गेला. आता नुसता वारा निघतो तोंडातून. समोरचा जवळ वाकला तर त्याला शब्द कळतात, सूर त्यात अजिबात नाही. शिकवायचं काम गेलं. मी वेदीची वस्त्रं शिवते, फुलं लावते, मिस्सेत ओठ हलवते.

तुला का नाही कळवलं? कारण तुझ्या पत्रांत मी अजून गाते. सगळ्या जगात तेवढीच एक जागा उरली होती, ती मला सोडवेना. टेप आहे आमच्याकडे, चांगला आहे. खोटं बोलले. लाज वाटते ती तुमची नाही, माझ्या या फुसफुसण्याची वाटते.

आता रडत बसू नकोस. डोक्यात गाणं आहे अजून. इथल्या शाळेत वसुंधराबाई म्हणून संगीताच्या शिक्षिका आहेत, त्या पेटीवर बसतील. त्या एकेक सूर दाबतील, मी मान हलवून हो-नाही सांगेन. होईल तयार. फादरांना थांबायला सांग.

तुझी,
रेजी

---

नंदाखाल,
२७ फेब्रुवारी २०००

रेजी गं,

काय लिहू? मागच्या पत्रात मी तुला काय काय बोलले. जीभ झडली का नाही माझी. फ्रेडरिकला पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. तो उठून वाडीत गेला तो जेवायलाही आला नाही. बहीण कापली गेली आणि आम्हाला पत्ता नाही, म्हणाला. मी यायला निघाले होते, पण त्याचं एकट्याचं इथे चालत नाही, आणि येऊन मी तरी काय करणार, तुझ्यासमोर रडणार.

फादरांना भेटले. ते भले आहेत, पण छापखाना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच थांबतोय. पोरांनीही गोष्ट मनावर घेतलीय. मार्सेल म्हणाला, "आंटी, चाल चुकीची असेल तर आम्ही ती गाणार नाही, चुकीचं देवासमोर कसं गायचं?" आणि बरोबर चाल मिळाली नाही तर त्या जागी नवं गाणं घालणार. तेही ऐकलं मी. वाईट नाहीये, कबूल करते. पण त्यात खिळे नाहीत, लेकाला उतरवून घेणारी आई नाही, हळूच काढा नाही. नुसता उजेड आहे सगळीकडे. गुड फ्रायडेला कसला उजेड?

फादरांनी ठरवलंय, सिस्टर रेजिना लिहून देतील तो शेवटचा शब्द. मार्सेल तुला पत्र टाकणार आहे. पेटीवर बस, बाय. त्या वसुंधराबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
सालू

---

अचलपूर,
१४ मार्च २०००

प्रिय सालू,

हे पत्र कुणालाही वाचून दाखवू नकोस, दादालाही नाही.

शाळा सुटल्यावर आम्ही पेटीवर बसतो. पहिल्या दिवशी 'हळूच' एवढा शब्द सापडला. अगदी तोच! मी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी 'काढा'. मग 'खिळे'वर चाल वर चढते, तुला आठवत असेल, तिथेच तू खाली उतरायचीस आणि मी वर जायचे. वसुंधराबाईंनी एक सूर दाबला, मी नाही म्हटलं. दुसरा, नाही. तिसरा दाबला, आणि मी हो म्हणून मान हलवली. पुढची सगळी ओळ भराभर सापडली. मी खूश. बाईंनी सलग वाजवून दाखवलं.

तो खालचा आवाज होता, सालू. तुझा.

पुन्हा बसलो. रोज बसतो. मी डोळे मिटते, वर जायला निघते, आणि 'खिळे'पाशी तुझ्या मागोमाग खाली येते. कॅसेट आल्यापासून मी ती रोज संध्याकाळी ऐकली. गाण्यासाठी नाही, तुझ्यासाठी ऐकली. या घरात माझ्याशी कुणी फार बोलत नाही, माझं ऐकायला वाकावं लागतं ना. तुझा आवाज लावून बसायचे. आणि ऐकता ऐकता माझं जे होतं ते पुसलं गेलं. ऑपरेशनमध्ये आवाज गेला तरी गाणं होतं. ते मी स्वतः घालवलं, बसल्या जागी.

कॅसेट कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली मदरकडे दिली. म्हटलं, काही दिवस कानावर पडलं नाही तर परत येईल. आलं नाही.

वसुंधराबाई म्हणाल्या, "सिस्टर, ही चाल छानच आहे की, मग शोधताय काय?" नंतर त्यांना माझी दया आली. त्यांनी तिच्यावर शोभेल अशी वरची चाल स्वतः बसवून दिली. सुंदर होती. पण ती पेद्रू मास्तरांची नव्हती, आपली नव्हती. ती आपली म्हणून कशी देऊ? मी त्यांचे हात हातात घेतले आणि पेटी बंद केली.

आता लिहून काय देऊ ते सांग. चाल चुकीची आहे असं लिहिलं तर गाणं जातं. बरोबर आहे असं लिहिलं तर ते खोटं आहे. आणि बरोबर चाल आता कुठेच नाही. तुझ्या कानात आहे म्हणतेस, ती तरी अजून आहे का? नसेल तर मला सांगू नकोस.

तुझी,
रेजी

---

नंदाखाल,
२२ मार्च २०००

रेजी,

पत्र मिळालं. कुणाला दाखवलं नाही.

आहे अजून. सकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडताना ऐकते. तुझाच आवाज, वरचा, एकही सूर हललेला नाही. काय उपयोग त्याचा? मार्सेलच्या कीबोर्डवर सूर शोधून बघितले, पण बाहेरचा सूर कानी पडला की माझीही मान खालच्यालाच हलते. माझं डोकं उघडून कुणाला दाखवता येत नाही. मी गेले की तेही गेलं.

काल क्रुसाच्या वाटेच्या भक्तीनंतर बाहेर उभी होते. मार्सेलची धाकटी बहीण चपला शोधत होती आणि तोंडाने आपल्या गाण्यातलं 'बाळ माझं निजलं' चाललं होतं, खालच्या आवाजात. तिला वाटतं तेच गाणं. किती मनापासून म्हणत होती! मला तिला थांबवावंसं वाटलं, आणि थांबवलं नाही.

मी सांगत नाही काय लिही ते. मला कळत नाही. शब्द राहिले तर निदान आई तरी राहील, खिळे राहतील. पण खोटं तुला लिहावं लागेल, मला नाही, म्हणून माझी जीभ वळत नाही. तू लिहिशील ते मी निमूट ऐकेन.

तुझी,
सालू

---

अचलपूर,
२८ मार्च २०००

चि. मार्सेल यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचलं. इतक्या आदराने विचारलंस, बरं वाटलं. मी तुला पाळण्यात पाहिलं आहे. तेव्हाही रडायचास तो सुरात, असं तुझी आई म्हणायची.

'हळूच काढा खिळे' या गाण्याची सालोमीबाईंनी दिलेली चाल मी नीट ऐकली आहे. चाल बरोबर आहे. पुस्तकात घ्यायला आणि कॅसेटवर छापायला माझी हरकत नाही. फादरांना हे पत्र दाखव.

सालोमीबाई आणखी एका आवाजाबद्दल तुम्हाला बोलल्या होत्या. त्याची वाट बघू नका. तो आता मिळणार नाही.

गाण्याखाली आम्हा दोघींची नावं घालू का, असं तू विचारलं आहेस. माझं नाव घालू नकोस. ही चाल सालोमीची आहे, तिचं एकटीचं घाल.

गुड फ्रायडेला गाताना कीबोर्ड बंद ठेवा. सावकाश गा, घाई करू नका. देवाचा पुतळा क्रुसावरून पुरता खाली येईपर्यंत गाणं पुरवायचं असतं. आणि सालोमी त्या वेळी तुमच्यात उभी राहून गायली नाही, नुसती गप्प राहिली, तर तिला कुणी काही विचारू नका.

सिस्टर रेजिना